जोडावरचे रूळ

घरात छोटी आगगाडी बसवणाऱ्या माणसाला एक नियम पहिल्या दिवशीच कळतो. टेबल तुकड्यांत करायचं, तुकडे बोल्टांनी जोडायचे आणि जोडावर रूळ कापून ठेवायचे. म्हणजे उद्या बिऱ्हाड हललं, तर बोल्ट काढून एकेक तुकडा दारातून बाहेर नेता येतो. धाकट्याला हा नियम पाठ होता. कारखान्यात जन्मभर यंत्रांचे नकाशे काढलेला, अर्ध्या मिलिमीटरसाठी साहेबाशी वाद घालणारा माणूस तो. तरीही त्याने चारही तुकड्यांच्या जोडांवरून अखंड रूळ टाकले, पक्का डाख दिला आणि बोल्टांवर प्लास्टरचे डोंगर चढवले. कारण थोरला भाऊ म्हणाला होता, "अरे, ही खोली मरेपर्यंत तुझीच."

भावाच्या शब्दावर डोंगर चढवू नयेत. पण हे त्याला सांगणारं कोणी नव्हतं आणि असतं तरी त्याने ऐकलं नसतं. लग्न केलं नाही, स्वतःचं घर केलं नाही. निवृत्त झाल्यावर एक पेटी आणि तीन खोकी रूळ घेऊन थोरल्याकडे आला. रस्त्याकडची खोली मिळाली. नऊ वर्षांत तिथे दोन स्टेशनं झाली, एक बोगदा झाला, पेनच्या रिफिलींचे सिग्नल झाले. फलाटावर चाळीस उतारू उभे राहिले, एकेकाची छत्री आणि चष्मा वेगळा. दर आठवड्याला तो कोरड्या फडक्यावर थेंबभर स्पिरिट घेऊन रूळ पुसायचा. रुळावर धूळ बसली की वीज चाकांपर्यंत पोचत नाही आणि गाडी आचके देते.

थोरला पाहुण्यांसमोर त्याची खेचायचा. "आमचे स्टेशनमास्तर! हा गेल्यावर कोण चालवणार हे लचांड? मला तर दिवा कुठे लागतो तेही कळत नाही."

पाहुणे हसत. धाकट्याने मात्र ते मनावर घेतलं. दोन वर्षं टेबलाखाली उताणा पडून त्याने तारा ओढल्या आणि सगळं आपोआप चालेल असं केलं. एक बटण दाबलं की मालगाडी बाजूच्या रुळावर थांबायची, पॅसेंजर पुढे जायची, फाटक पडायचं, उठायचं. पहिल्यांदा बटण दाबायचा मान त्याने वहिनीला दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग एका रविवारी थोरला दातांच्या डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांना दवाखान्यासाठी रस्त्याकडची जागा हवी होती. आतल्या खोलीत खुर्ची बसणार होती आणि धाकट्याच्या खोलीत पेशंट.

डॉक्टर दारातच थबकले. "हे कोणी केलं? वा! दाताला घाबरलेला माणूस हे बघत बसला तर दुखणंच विसरेल. हे असंच राहू द्या."

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. हे राहणार म्हणजे आपणही राहणार, असं त्याने धरून टाकलं. तासभर त्याने डॉक्टरांना बोगदा दाखवला, सिग्नल दाखवले, उतारूंच्या छत्र्या दाखवल्या.

"चालवायला हे असतीलच ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे, छे!" थोरला म्हणाला. "बटण दाबलं की झालं. आमच्या हिलासुद्धा येतं."

संध्याकाळी स्वयंपाकघरात थोरल्याने उरलेलं सांगितलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला ओळखीच्यांकडे एक कॉट रिकामी आहे, बोलणं झालंय.

"दादा, तू शब्द दिला होतास."

"दिला होता. तेव्हा डॉक्टर कुठे होते?"

"मग मी माझी गाडी घेऊन जातो."

"ने की. दारातून निघते का?" थोरल्याने चहाचा घोट घेतला. "निघत नाही ना? तू निघतोस. सोपं आहे."

धाकट्याने दातांच्या कण्या केल्या. माळ्यावर राहतो म्हणाला, जिन्याखाली झोपतो म्हणाला. वहिनी भांडी पुसता पुसता म्हणाली, "भाऊजी, तुम्ही एवढं छान केलंत म्हणूनच तर डॉक्टर तयार झाले." तिला ते खरोखरच कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने बारीक करवत घेतली आणि पहिल्या जोडावर धरली. तेवढ्यात पॅसेंजर आली. ती जाऊ दिली, तर मागून मालगाडी आली. त्याने स्वतःच बसवलेलं वेळापत्रक, त्यात मिनिटभराचीही फट नव्हती. बंद करायचं बटण हाताशी होतं. ते दाबायला त्याचा हात उठला नाही. त्याने करवत पेटीत ठेवली आणि पेटी उचलली.

महिनाभराने तो कोरडं फडकं खिशात घालून दवाखान्यात गेला. काउंटरवरच्या बाईने वर न बघताच विचारलं, "नंबर लावलाय?"

"मी रूळ पुसायला आलोय."

"पुसायला बाई आहे. पेशंटशिवाय इथे बसता येत नाही."

पुसायला बाई होती आणि ती ओल्या फडक्याने पुसत होती. वळणावर पॅसेंजर आचके देत होती. धाकटा पुन्हा काउंटरकडे वळला.

"दाढ दुखतेय," तो म्हणाला.

त्याला पावणेदोन तास बसायला मिळालं. काउंटरवरच्या बाईची नजर चुकवून त्याने वळण पुसलं, गाडी सरळ धावली. डॉक्टरांनी तोंडात दिवा धरून पाहिलं आणि हसले. "काका, बत्तीशी शाबूत आहे तुमची. माझ्यापेक्षा चांगली."

पुढच्या आठवड्यातही तेच झालं. तिसऱ्या खेपेला मात्र डॉक्टर हसले नाहीत. "तुम्हाला काहीही झालेलं नाही. उगाच येत जाऊ नका, दुसऱ्यांचा खोळंबा होतो."

"काढून टाका," धाकटा म्हणाला.

"अहो, चांगली दाढ आहे!"

"दुखतेय. मरणाची दुखतेय. काढा."

डॉक्टरांनी दोनदा समजावलं, कागदावर सही घेतली आणि काढली. घट्ट रुतलेली दाढ, तिला ओढायला वेळ लागला. मग ते म्हणाले, "आठवड्याने जखम दाखवायला या."

हे धाकट्याला ठाऊक नव्हतं. एका दातामागे दोन खेपा मिळतात! खुर्चीतल्या खुर्चीत, रक्त थुंकता थुंकता, नकाशेवाल्या डोक्याने गणित केलं. बत्तीस दात, चौसष्ट खेपा. आठवड्याला एक धरली तर सव्वा वर्ष. पुढचं पुढे बघू. इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदाच बरं वाटलं.

सहावा दात काढला त्या दिवशी थोरला बाहेरून आला, तर हा गाल धरून गाडीसमोर बसलेला.

"अरे, दात काढलास? सांगायचंस तरी! घरातलेच डॉक्टर आहेत." थोरल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि गाडीकडे कौतुकाने पाहिलं. "बघ, तू नसतानाही कशी झकास चालते."

धाकट्याच्या तोंडात कापूस होता. त्याने मान हलवली. थोरला आत जेवायला गेला.

काउंटरवरच्या बाईने वही पुढे ओढली. "जखम मंगळवारी दाखवा. आणि पुढची तारीख कशासाठी लिहू, काका? आता कुठला दुखतोय?"

धाकट्याने जिभेने चाचपून पाहिलं. मग कापूस बाजूला सारत, शक्य तितकं स्पष्ट म्हणाला, "शेजारचा."