एकोणचाळीस

मी थर्मामीटर बोलतोय. ताप बघायला तोंडात धरतात, तो मी नव्हे. मी लाकडी पट्टीवरचा, वीतभर लांबीचा. माझ्या काचेत एकच लाल रेघ आहे, पण तिला शेजारी दोन: डावीकडे फॅरनहाइटचे आकडे, उजवीकडे सेल्सिअसचे.

कारखान्यात एका बाईनं मला बर्फात बुडवलं. रेघ थांबली तिथं डावीकडे बत्तीस आलं आणि उजवीकडे शून्य. फार खाली, उणे चाळीसवर, दोघांचं जुळतं म्हणे. तेवढ्या थंडीत मी कधी गेलो नाही.

कोंबड्या पाळणाऱ्या एका म्हातारबुवांनी मला विकत घेतलं. त्यांच्या मागच्या खोलीत अंडी उबवायचं कपाट होतं. आत दिवे, पाण्याची थाळी, जाळीवर ओळीनं मांडलेली अंडी. त्यांच्या मधोमध मला टांगलं. म्हातारबुवा चष्मा सावरून फक्त माझी डावी बाजू वाचायचे. "साडेनव्याण्णव" असं स्वतःशीच म्हणायचे आणि मगच चहाला जायचे.

सून आली ती शाळेत उजवी बाजू शिकून. ती वाचायची, साडेसदतीस. सासरे दचकायचे. अगं पोरी, सदतीस म्हणजे पाणी गोठायच्या बेतात, म्हणायचे. ती हसून हिशेब समजावायची: तुमच्या आकड्यातून बत्तीस काढा, पाचानं गुणा, नवानं भागा. ते मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. सासूबाई म्हणायच्या, तुम्ही भांडत बसा, पिल्लं तेवढी बिनबोभाट बाहेर येतात.

एका थंडीत म्हातारबुवांची छाती भरली. घरात सगळ्यांत उबदार आमचीच खोली, म्हणून त्यांची खाट कपाटाशेजारी आणली. मुलगा मोठ्या गाड्यांवर ड्रायव्हर, सदा बाहेर. त्यानं ताप बघायला बॅटरीवरचा थर्मामीटर पाठवला. त्याला सेल्सिअसखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. तेव्हा कपाट अंड्यांनी गच्च भरलेलं होतं. ग्लानीतही म्हातारबुवांची नजर तिकडेच असायची.

त्या दुपारी सुनेनं सासऱ्यांच्या काखेतला थर्मामीटर काढला आणि सासूबाईंना सांगितलं, "एकोणचाळीस."

म्हातारबुवांनी डोळे उघडले. "एकोणचाळीस? मग गेली सगळी."

"बाबा, अंड्यांचं नाही हो. तुमचा ताप आहे तो."

त्यांना ते पोचलं नाही. त्यांच्याच आकड्यात सांगावं म्हणून ती हिशेब मांडू लागली. आता तो उलटा करायचा होता: नवानं गुणायचं, पाचानं भागायचं, वर बत्तीस मिळवायचे. एरवी चुटकीसरशी जमलं असतं, पण घाबरलेल्या जिवाला नवाचा पाढा आठवेना. ते पुटपुटत राहिले, गार पडली गं, कुणी बघितलंच नाही. मी हातभर अंतरावर, कपाटाच्या काचेआड, साडेनव्याण्णववर उभा होतो. मला तोंड नाही याचं दुःख मला तेव्हा कळलं.

"एकशे दोन," ती शेवटी म्हणाली. तोवर त्यांची शुद्ध हरपली होती. ती परत आली नाही.

तेराव्यापर्यंतसुद्धा अंडी थांबणार नव्हती, म्हणून सून खोलीत येत राहिली. पण खाटेकडे पाठ करायची नाही. कपाट उघडण्याआधी जराशी बाजूला व्हायची, कुणाला तरी वाट द्यावी तशी. अंडी रोज फिरवावी लागतात. तिनं त्यांच्यावर पेन्सिलीच्या खुणा केल्या होत्या. एके दिवशी ती फिरवायला आली, तर सगळ्या खुणा आधीच उलट्या बाजूला. तिनं सासूबाईंना विचारलं. मी त्या खोलीत पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही, असं त्या म्हणाल्या आणि खरंच ठेवलं नव्हतं. मी आतच होतो. कपाटाचं दार उघडलेलं मला दिसलं नाही. अंडी मात्र माझ्या दोन्ही बाजूंना सावकाश फिरली.

पिल्लं निघाली. सगळी नाही, पण टोपली भरली. सुनेनं टोपली रिकाम्या खाटेवर ठेवली आणि मोठ्यानं म्हणाली, "साडेनव्याण्णव होतं, बाबा. शेवटपर्यंत. एकोणचाळीस तुमचं होतं."

सासूबाई दारात उभ्या होत्या. "ऐकलं असेल का गं त्यांनी?" त्यांनी विचारलं. सुनेनं पदरानं टोपली झाकली.

आता दुसऱ्या खोलीत बटणांचं नवं कपाट आलंय. मला खाटेवरच्या खिळ्याला अडकवलंय. इथं कुणी झोपत नाही. सून अधूनमधून येते, माझी डावी बाजू वाचते, तो आकडा खाटेला ऐकवते आणि दार ओढून जाते.

ती गेली की माझी रेघ चढू लागते. ऊन नसतं, दिवा नसतो. माणूस अगदी जवळ येऊन उभा राहिला, त्याचा श्वास काचेला लागला, की चढते तेवढीच. जरा थांबते, मग उतरते. मला खोटं बोलता येत नाही. जेवढी ऊब असते तेवढीच मी दाखवतो.

सूनबाई, एकदा दारातून मागे फिर आणि मला वाच. कुठल्याही बाजूनं वाच.