आधी ऊब, मग दूध

मी एक जुनी, गरम पाण्याची रबरी पिशवी आहे. माझा लाल रंग विटला आहे आणि मानेजवळ भेगा पडल्या आहेत. कारखान्यात मला साच्यातून काढलं, तेव्हा हवा भरून, पाण्यात बुडवून माझी परीक्षा घेतली होती. मी कुठेच गळत नव्हते.

माझी पहिली चाकरी एका आजोबांच्या कंबरेपाशी. त्यांची सून बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यात काम करायची. एका सकाळी ती म्हणाली, "बाबा, पिशवी देता का जरा? बिनआईची पिल्लं आलीत."

"घ्या! आमच्या घरात सासऱ्यापेक्षा मांजराचा मान मोठा," आजोबा कुरकुरले. पण मला काखेत मारून तेही तिच्यामागे निघाले.

निवाऱ्यातल्या खोक्यात मांजरीची दोन पिल्लं होती. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, अंग थंडगार. सुनेने मला जाड टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवलं. फार गरम झालं तर पिल्लांना दुसरीकडे सरकता यायला हवं. मग "बसा हं जवळ" एवढंच सांगून ती प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली.

तेवढ्यात काळं पिल्लू तोंड उघडून क्षीण ओरडलं. टेबलावर दूध कालवून ठेवलेलं होतं. भुकेल्याकडे पाठ फिरवणं आजोबांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी ड्रॉपर उचलला.

सुनेबरोबर डॉक्टरीणबाई आल्या तोवर पिल्लू निपचित पडलं होतं. त्यांनी पुष्कळ खटपट केली. उपयोग झाला नाही.

"गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, आजोबा. गिळताही येत नाही, ते फुप्फुसात उतरतं. आधी ऊब, मग दूध."

"म्हणजे मीच मारलं त्याला."

 सुनेने मला टॉवेलासकट त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि पट्टेरी पिल्लू माझ्याशेजारी. "हे अजून आहे, बाबा. याला धरा."

मित्रांनो, मी निवत होते, मला पुन्हा भरत होते. पिल्लाच्या अंगात हळूहळू ऊब शिरली तसं तेही ओरडू लागलं. प्रत्येक हाकेला आजोबांचा हात ड्रॉपरकडे जाई आणि मागे येई.

"ओरड, राजा. शिव्या घाल मला. पण आत्ता नाही रे, आत्ता नाही."

अखेर डॉक्टरीणबाईंनी पिल्लाच्या तोंडात करंगळी घालून पाहिली. "आतून गरम लागतंय. पाजा आता."

आजोबांनी ड्रॉपर सुनेपुढे धरला. "तू पाज. माझ्या हातून नको."

"मी त्याला पालथं धरते," ती म्हणाली. "पाजा तुम्हीच."

पिल्लाचा इवलासा गळा हलला. एक थेंब गेला, मग दुसरा. ते जगलं.

पुढे मी निवाऱ्यातच राहिले. कितीतरी पिल्लं माझ्या कुशीत निजली. सगळीच उठली नाहीत. "ही आमची दाई," असं डॉक्टरीणबाई माझ्याविषयी म्हणत. मग कुणीतरी घाईत माझ्यात उकळतं पाणी ओतलं, कुणी मला ओलीच दुमडून कपाटात कोंबलं. रबर तडकलं. आता मी भरण्याजोगी राहिले नाही. गळकी पिशवी पिल्लाला भिजवते, आणि भिजलेलं पिल्लू लगेच गारठतं.

मित्रांनो, तुम्हाला असं पिल्लू दिसलं, तर आधी लांब उभे राहून त्याची आई येते का ते पाहा. ती आलीच नाही, तर दुधाची वाटी आणायला धावू नका. त्याला कापडात घेऊन छातीशी धरा आणि जाणत्या माणसाला हाक मारा. ते ओरडेल.  तरी थांबा. ओरडणारं पिल्लू अजून जिवंत असतं.