हळदकुंकवाची चौकट

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या डाळमिलच्या ऑफिसात दिवेलागणीला पाय ठेवायला जागा नव्हती. हमाल, ड्रायव्हर, निवडणाऱ्या बाया, शेजारच्या पाइप कारखान्यातले लोक खिडकीच्या गजांना लटकलेले. सगळ्यांचे डोळे ऑफिसात हिशेब लिहिणाऱ्या सुनिताच्या टेबलावरच्या बंद संगणकावर.

मांत्रिक झुलालबाबाने लिंबू कापलं. "ये माय! बटन नको, माणूस नको, तुझ्या मर्जीनं ये!"

संगणकाचा पंखा घरघरला. कोणी हात लावला नव्हता. थोड्या वेळाने पडदा उजळला आणि त्याच्या चारी कडांना लाल-पिवळी चौकट लुकलुकू लागली.

"हळदकुंकू!" बाबा किंचाळला. "माय सजून आली!"

बाया पदर पसरून वाकल्या. "बठ्ठं खरं शे!" सगळं खरंच आहे, असं मागून कोणीतरी पुटपुटलं.

बेबाबाईचा हात सुनिताच्या पाठीवर होता.  गेल्या आठवड्यात याच पडद्यावर अक्षरं उमटली होती: 'इथे डाकीण बसते.' तेव्हापासून सुनिताच्या हातचं पाणी कोणी घेईना. नवरा अपघातात गेला, तोही म्हणे तिनेच खाल्ला. आज देवी निकाल देणार होती आणि मिलचे मालक अभिमनशेठ तो पाळणार होते. नोकरी गेली की मिलमागची खोलीही जाणार. लहान लेकीला घेऊन ती कुठे जाणार?

बेबाबाई ऑफिसातली सर्वांत जुनी. सोमवार, चतुर्थी, एकादशी, एकही न चुकवणारी. पडद्यावर देवी पहिल्यांदा आली त्या दिवशी तिनेही हात जोडले होते. पण एकादशीला ऑफिसातला नेटचा डबा जळाला आणि नेमकी त्या दिवशी देवी आलीच नाही. उपास माझा, आणि मायही घरी बसली? तिला नवल वाटलं. ऑफिसचे संगणक सांभाळणाऱ्या प्रेमराजने नवा डबा लावला, देवी परतली. हाच प्रेमराज देवी यायच्या वेळी कधी गर्दीत नसायचा. आणि यालाच सुनिताने भर ऑफिसात सुनावलं होतं, "पुन्हा रात्री फोन केलात तर शेठना सांगेन."

बेबाबाईने धुळ्याला भाचीला फोन लावला. नूतन तिथे कॉलेजात संगणक शिकवते. चौकटीचं ऐकून तिने रंग पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाली, "मावशी, मी येते. कुणाला बोलू नकोस."

आता नूतन टेबलाशेजारी उभी होती. पडद्यावर एकेक अक्षर उमटत होतं: 'सुनिताला हाक...'

"काढा तिले भायेर!" गर्दी सरकली. सुनिताने डोळे मिटले.

नूतनने वाकून मागची निळी वायर उपटली.

अक्षरं थांबली. चौकट विझली.

"देवी कोपली!" बाबा ओरडला.

"माझ्यावर ना? मग वाक्य पूर्ण करायला सांगा तिला," नूतन म्हणाली. "वीज चालू आहे, संगणक चालू आहे. फक्त नेटची वायर काढली."

बाबाने घाईघाईने दुसरं लिंबू कापलं. तिसरं कापलं. पडदा ढिम्म.

"लिंबं संपतील, बाबा," बेबाबाई हळूच म्हणाली. "शेठ, जरा वर प्रेमराजच्या खोलीत चला."

दाराला आतून कडी होती. शेठनी खांदा लावून दार उघडलं, तर आत प्रेमराज लॅपटॉप मिटायला धडपडत होता. प्रेमराजच्या लॅपटॉपवर सुनिताच्या पडद्याचं शेवटचं चित्र थिजलं होतं, तीच अर्धी ओळ, तीच लाल-पिवळी चौकट.

"कंपन्यांसाठीच्या काही प्रोसेसरांत ही सोय असते," नूतनने मागोमाग वर आलेल्या सगळ्यांना सांगितलं. "संगणक बंद असला तरी वीज आणि नेट असेल तर आतला एक छोटा भाग जागा राहतो. दूरवरून संगणक चालू करता येतो, पडदा बघता येतो, टाइपही करता येतं. पडद्यावरचं चित्र काढणारा भाग प्रोसेसरच्याच पोटात असतो, म्हणून हे जमतं. बिघाड लांबून दुरुस्त करायला केलेली चांगली सोय आहे ती. आणि ती चौकट प्रोसेसर बनवणाऱ्यांनीच दिली आहे, समोरच्याला कळावं म्हणून, की दुसरं कोणीतरी तुमचा संगणक चालवतंय."

"म्हणजे ती आम्हाला सावध करत होती?" एक हमाल म्हणाला. "आन् आम्ही तिच्या पाया पडत होतो!"

 झुलालबाबा दाराकडे सरकला. पण तिथे त्याच बाया उभ्या होत्या, पदर खोचून.

"लिंबू तुमचं, बटन प्रेमराजचं. पोलीस येईपर्यंत दोघंही बसा," शेठ म्हणाले.

बेबाबाई खाली आली. संगणकापुढे ठेवलेलं पूजेचं ताट तिने उचललं, त्यातलं कुंकू बोटावर घेतलं आणि सुनिताच्या मोकळ्या कपाळावर लावलं. सुनिताचा बांध फुटला. कोणीतरी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. ती घोटभर प्यायली, आणि तोच तांब्या बेबाबाईने तिच्या हातून घेऊन तोंडाला लावला.

"मी उद्याही देवापुढे दिवा लावीन," ती गर्दीला म्हणाली. "पण एखाद्या बाईला घराबाहेर काढा असं देव सांगतोय म्हणून कोणी आलं, तर हात जोडण्याआधी वायर कुठे जाते ते बघा. विचारल्यानं देव बाटत नाही गं बायांनो. न विचारल्यानं माणूस मरतं."