दोनशे चौदा नंबरचं घड्याळ

अध्यक्षसाहेब, हुंडाबंदीचा ठराव तुम्हीच केला आणि त्या ठरावाला भोकही तुम्हीच पाडलं. 'रोख, सोनं, गाडी घेणार नाही, देणार नाही' असं समाजाच्या मंडळाच्या अहवालात पान तीनवर ठळक छापलं, वर तुमचा फेटेवाला फोटो. आणि त्याच पानाच्या तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात: 'जावयास प्रेमाची भेट म्हणून घड्याळ देण्यास हरकत नाही.' घड्याळच का, छत्री का नाही, हे सभेत कोणी विचारलं नाही. विचारणार कोण? माणसं टाळ्या वाजवायला बोलावली होती.

असोद्याच्या मोनालीने ती ओळ वाचली होती. जळगावात औषधांच्या दुकानावर ती फार्मासिस्ट आहे, बारीक अक्षर वाचणं हे तिचं रोजचं काम. पण तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. घड्याळ म्हणजे कितीचं, तर दोन-तीन हजारांचं. तिच्या वडिलांच्या, रतिलाल आबांच्या, मनगटावर बावीस वर्षं एकच घड्याळ होतं, त्याचा पट्टा केळीच्या चिकाने काळा पडलेला.

मग धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा हितेंद्र, खासगी कंपनीत इंजिनिअर. बायोडाट्यात 'छंद: घड्याळांचा संग्रह'. मोनालीला बरं वाटलं. आधीच्या सात मुलांचे छंद 'वाचन, प्रवास' होते, आणि त्यातल्या एकाला काय वाचता म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, व्हॉट्सॲप.

घर बघायला गेले तेव्हा हितेंद्रने कपाट उघडून दाखवलं. आत अकरा डबे. प्रत्येक डब्यात घड्याळ, प्रत्येक घड्याळावर कंपनीचं प्लॅस्टिक जसंच्या तसं. त्याचं स्वतःचं मनगट मात्र रिकामं.

"घालत नाही का तुम्ही?"

"घातलं की मेलं," हितेंद्र म्हणाला. "कंपनी पाचशेच काढते, प्रत्येकावर नंबर. सहा मिनिटांत संपतात. मी आईच्या, मामाच्या, शेजारच्या काकांच्या फोनवरून एकदम बुकिंग लावतो. मिळालं की ठेवून द्यायचं. मग ज्याला हवं तो चौपट देतो."

"मग हा संग्रह कसा? हा तर माल झाला."

"तुला नाही कळायचं. हे पॅशन आहे."

रतिलाल आबा तोंड उघडं ठेवून ऐकत होते. त्यांची केळी कापल्यावर चार दिवसांत उचलली नाहीत तर गुरांपुढे टाकावी लागतात. न वापरता नुसतं पडून राहिल्याने भाव चढणारी वस्तू ते जन्मात पहिल्यांदा बघत होते. "काय नशिबाचा धंदा हाये बा," ते परत येताना पारोळ्यापर्यंत तेच म्हणत होते.

मोनालीने तिथेच नाही म्हणायला हवं होतं. म्हणाली नाही. मुलगा हसायचा छान. चार दिवसांनी त्याने एक फोटोही पाठवला. हिरव्या तबकडीच्या घड्याळाची मागची बाजू, त्यावर २१४/५०० कोरलेलं. खाली लिहिलं होतं, 'माझं सगळ्यात लाडकं. तुझ्यानंतर.' घड्याळाच्या वरचा नंबर मिळाला म्हणून मोनाली दोन दिवस हवेत होती. शहाणी मुलगी, पण तेव्हा तेवढ्यापुरती वेडी.

बोलणीच्या दिवशी हितेंद्रचा झुलालमामा छातीवर हात ठेवून म्हणाला, "आमले काहीच नको, बठ्ठं तुमनंच शे." म्हणजे, सगळं तुमचंच आहे. आणि पाण्याचा घोट घेऊन अहिराणीवरून शुद्ध मराठीत आला, "फक्त मंडळाच्या नियमात बसतं ते घड्याळ. पोराची आवड आहे. मॉडेल लिहून देतो." मॉडेल तेच, हिरव्या तबकडीचं.

मोनालीने फोनवर विचारलं, "तुमच्याकडे आहे ना ते?"

"होतं गं. नाइलाजाने विकावं लागलं. म्हणून तर जीव लागलाय."

रतिलाल आबा चिठ्ठी घेऊन जळगावच्या दुकानात गेले. काउंटरवरचा पोरगा हसला. "आबा, हे दुकानात येतच नाही. मूळ किंमत साडेचौदा हजार होती. आता ज्यांनी दाबून ठेवलंय त्यांच्याकडेच मिळेल, ते सांगतील त्या भावात." आबांनी मामाला फोन लावला. मामा म्हणाला, काळजी नको, धुळ्यात एक जण आहे, नंबर पाठवतो. बावन्न हजार. आबांनी फोनवरून पैसे टाकले. तिसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने डबा आला. वर पेनाने, गोल गोल अक्षरात: श्री. रतिलाल, मु. असोदा.

साखरपुड्याच्या सकाळी मोनाली आबांच्या फोनवर केटरर्सचा नंबर शोधत होती. बोट घसरलं आणि पैसे पाठवल्याची यादी उघडली. बावन्न हजार. घेणाऱ्याचं नाव रूपा, पुढे हितेंद्रच्या वडिलांचं नाव, पुढे त्यांचं आडनाव. तिची होणारी सासू.

तिने डबा उघडला. घड्याळ उलटं केलं. २१४/५००. आपल्या फोनमधला तो लाडका फोटो काढून शेजारी धरला. मग पार्सलवरचं अक्षर पाहिलं. बायोडाटाही हितेंद्रने हातानेच लिहून पाठवला होता, संस्कार दिसावेत म्हणून. तेच गोल गोल अक्षर.

म्हणजे जावयाने स्वतःचं घड्याळ सासऱ्याला जवळपास चौपट भावाने विकलं, आणि आता संध्याकाळी तेच घड्याळ सासऱ्याकडून फुकट, आशीर्वादासकट, परत घेणार. नंतर पुन्हा विकायला मोकळा. माल एक, घर तेच, फक्त असोद्याला फेरी मारून आला.

"आबा, हे मोडा."

आबा खाली बसले. दोनदा यादी पाहिली. "रूपा नावाच्या बाया काय थोड्या हायेत?" म्हणाले. आडनाव दाखवल्यावर त्यांनी फोन पालथा ठेवला. आई, पुष्पाबाई, दारातूनच म्हणाली, "पाचशे पाहुणे निघाले घरून. आज होऊन जाऊ दे बाई, मग पाहू."

'मग पाहू' या दोन शब्दांवर किती पोरींचे संसार उभे राहिलेत, त्याची मोजदाद तुमच्या अहवालात कधी आली नाही.

संध्याकाळी कार्यालयात माइक तुमच्याच हातात होता. "आदर्श सोहळा! एक रुपया हुंडा नाही!" असं तुम्ही तीनदा म्हणालात. मग रीतीप्रमाणे रतिलाल आबांनी जावयाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि त्याच बोटांनी डब्यातलं घड्याळ उचललं, मनगटावर बांधायला.

"हात! आबा, हात पुसा आधी!" हितेंद्र ओरडला.

मांडवात हशा पिकला. "नवरदेव लाजला रे!" मागून कोणीतरी म्हणालं.

"धुऊन आलो रे बा," आबा बोटं बघत म्हणाले.

"तसं नाही, डब्यातच राहू द्या. बांधू नका. फोटोपुरतं धरा फक्त."

आबा पाचशे माणसांसमोर हात पुढे करून तसेच उभे. मोनालीने सकाळपासून ठरवलं काहीच नव्हतं. पण वडिलांचा तो अधांतरी हात तिने पाहिला, घड्याळ काढून घेतलं आणि काचेवरच्या प्लॅस्टिकला नख लावलं. टर्रकन ओढलं.

"अगं! पंधरा हजार गेले!" हितेंद्र उभाच राहिला.

"कोणाचे? रूपाबाईंचे?" मोनाली म्हणाली. तुमच्या हातातल्या माइकने ते सगळ्यांना ऐकवलं. एवढं एक काम त्या माइकने बरं केलं. "आमच्या आबांचे बावन्न हजार तुमच्या आईच्या खात्यात गेलेत. दोनशे चौदा नंबर. फोटो तुम्हीच पाठवला होता."

"ऑनलाइन कोण घेतं, मला काय माहीत?"

"पार्सलवर आबांचं नाव कोणी लिहिलं, मामांनी?"

"माझं अक्षर असं नाही!" झुलालमामा घाईघाईने म्हणाला, आणि भाच्याचा उरलासुरला आधारही गेला.

आबांनी डोक्यावरची टोपी नीट केली. "जेवून जा मंडळी," ते पाहुण्यांना म्हणाले. "लग्न नाही. जेवण हाये."

तेव्हा तुम्ही पुढे झालात. घरातली गोष्ट घरात मिटवू, म्हणालात. घड्याळ वादग्रस्त आहे, निकाल लागेपर्यंत मंडळाच्या कपाटात राहील, म्हणालात. आबांनी विश्वासाने डबा तुमच्या हातात दिला. तुमच्या जागी चोर असता तरी दिला असता, इतके ते त्या दिवशी थकले होते.

आठ दिवसांनी मंडळाचं पत्र आलं. हितेंद्रला नाही, झुलालमामाला नाही, मोनालीला. 'भर मांडवात वरपक्षाचा अपमान केल्याबद्दल लेखी माफी मागावी, अन्यथा आपल्या कुटुंबास मंडळाच्या वधू-वर मेळाव्यात प्रवेश मिळणार नाही.' तिची धाकटी बहीण ऋतिका पुढच्या वर्षी मेळाव्यात बसणार आहे, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. आई रडली. म्हणाली, दोन ओळी लिहून दे ना, काय जातं. मोनालीने कागद घेतला, पेन उघडलं. बहिणीकडे पाहून ती बहुतेक लिहिणारही होती.

पण त्याच दुपारी तिला इन्स्टावर एक जाहिरात दिसली. हिरवी तबकडी. २१४/५००. 'न वापरलेलं. काचेवर नवीन प्लॅस्टिक. पट्ट्यावर किंचित लाल डाग, म्हणून किंमत फक्त अडुसष्ट हजार.'

मग तिने माफीच्या कागदावर माफी लिहिली नाही. प्रश्न लिहिला, जळगावला मंडळाच्या कार्यालयात नेऊन दिला, पोचेवर शिक्का मारून घेतला. त्याला आज एकवीस दिवस झाले. दोनदा फोन केला, तुम्ही मीटिंगमध्ये होतात. तिसऱ्यांदा तुम्ही शिरपूरला सत्कार घ्यायला गेला होतात.

कागदावर एवढंच आहे: घड्याळ कपाटात होतं, कपाटाला एकच किल्ली आहे, ती तुमच्याजवळ असते. मग घड्याळ बाजारात कोणी नेलं, आणि अडुसष्ट हजारांत तुमचा वाटा किती?

सांगा.