पंचशीलाचा गुडघा

नांदेडच्या टूरवाल्यानं भूतानची सहल काढली, तेव्हा भोकरच्या शिवकांतानं आपल्याबरोबर पंचशीलाचंही नाव घातलं. "चल गं, मी हाय ना संगं," म्हणाली. दोघींची सगळी नोकरी भोकरच्या खेड्यापाड्यात नर्स म्हणून जोडीनं गेलेली. बाळंतपण कोणाच्याही घरचं असो, ते उरकलं की शिवकांताला चहा आत मिळायचा आणि पंचशीलाला ओट्यावर. माहूरला गेल्या तरी ओळखीपाळखी शिवकांताच्याच. पुढं ती चालायची, पिशव्या घेऊन मागं पंचशीला. शिवकांताला ते कधी खटकलं नव्हतं.

भूतानात पहिल्याच सकाळी गाइडनं सगळ्यांची नावं विचारली. किन्ले नावाचा हसरा पोरगा, अंगात त्यांचा तो गुडघ्यापर्यंतचा झगा. पंचशीलापाशी येऊन तो थबकला.

"पंचशीला? सच में यही नाम है?"

"हाव. आमच्या बापानं ठेवलं."

त्यानं हात जोडले. "इस नाम का हमारे यहां बहुत मान है, माताजी."

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. पुनाखाला दोन नद्यांच्या मधोमध किल्ल्याएवढा मठ होता. तिथं एका म्हाताऱ्या भिक्खूनं तीर्थ द्यायला सुरुवात केली ती पंचशीलापासून. तिनं डोळे मिटून त्रिशरण म्हटलं, तसा तोही तिच्यासोबत पुटपुटू लागला. बसमधल्या बाया बघतच राहिल्या. मग ही मूर्ती कोणाची, ते प्रार्थनेचं चक्र कशाला फिरवायचं, जो तो पंचशीलालाच विचारू लागला. लातूरच्या तनुजाबाईनं तर तिच्या खांद्यावर हात टाकला आणि मोबाइल शिवकांताच्या हाती दिला. "ताई, आम्हा दोघींचा एक फोटो काढता का?"

शिवकांतानं काढला. मुद्दाम हलवून काढला.

आपण आणली म्हणून आली ही. आणि आता आपल्याला कोणी विचारीना! जेवतानाही घास गोड लागेना तिला.

पुढं पारो या गावी कड्याला चिकटलेला मठ होता. चढ अवघड, म्हणून नाश्त्याच्या वेळी किन्लेनं सांगितलं, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालच्या जुन्या देवळात जावं, गाडी ठेवली आहे. शिवकांता त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "पंचशीला का घुटना खराब है. शरम से बोलती नहीं."

किन्लेनं पंचशीलाला आदरानं गाडीत बसवलं. ती गोंधळली, पण गाइडनंच ठरवलंय म्हटल्यावर गुमान बसली.

शिवकांता काठी टेकत, धापा टाकत चढली. देवदारांमधून पताका फडफडत होत्या. वळण घेतलं आणि समोर दरीपलीकडं तो मठ दिसला. कातळातून उगवल्यासारखा. तनुजाबाई म्हणाली, "पंचशीलाताई असत्या तर नीट सांगितलं असतं."

"मी सांगते की," शिवकांता म्हणाली आणि मठाकडं बघत उभी राहिली. सांगायला तिच्यापाशी काहीच नव्हतं. तनुजाबाई थोडं थांबून पुढं निघून गेली.

संध्याकाळी खोलीवर आली तर पंचशीला पलंगावर मांडी घालून बसलेली. चेहरा नुसता उजळलेला. "ताई, देवळाच्या अंगणात संत्र्याचं झाड होतं बघ. म्हाताऱ्या बाया चक्र फिरवत बसल्या होत्या. मला ओढून मधात बसवलं. लोण्याचा खारट चहा त्यांच्या सोताच्या वाटीतून पाजला. भाषा एकीची एकीला कळंना, तरी लई हसलो."

शिवकांतानं काठी कोपऱ्यात आपटली. जिला खाली ठेवलं तिलाच आज जास्ती मिळालं.

"पण मला सांग," पंचशीला म्हणाली, "किन्ले म्हणतो, माझा गुडघा दुखतो असं तू सांगितलंस. माझा कुठं दुखतो?"

शिवकांतानं पायातले बूट काढायला घेतले. नाडीची गाठ सुटेना.

"मला बघवंना," ती अखेर म्हणाली. "सगळे तुझ्याच मागं. मी काय मेले का?"

पंचशीला ओरडली नाही. "चार दिवस न्हाई काढवले तुला," ती म्हणाली. "मी जन्मभर तुझ्या मागं चालले. ओट्यावर बसून चहा पिला. मला काय वाटत असंल, तू कधी इचारलंस?"

"तू कधी बोललीस का?"

"बोलले असते तर संगं नेलं असतंस?"

जेवायला पंचशीला तनुजाबाईसोबत गेली.

दुसऱ्या दिवशी बस घाट उतरू लागली. परतीचा प्रवास होता. पंचशीला खिडकीपाशी बसली होती. शिवकांता तिच्या शेजारी जाऊन बसली. पंचशीलानं सरकून जागा केली नाही, ऊठही म्हटलं नाही. बरीच वळणं गेली.

"त्या म्हाताऱ्यांचं सांग की," शिवकांता म्हणाली. "काल मी धड ऐकलंच न्हाई."

खिडकीबाहेर बघतच पंचशीला सांगू लागली. पहिली कशी बोळकी होती, दुसरीनं पंचशीलाच्या हिरव्या बांगड्या कशा हात धरून निरखल्या, चहा खारट लागल्यावर तिचं तोंड बघून सगळ्या कशा खिदळल्या. शिवकांताच्या आत अजून जळत होतं, एकेका वाक्याला जळत होतं. तरी तिनं मधे तोंड घातलं नाही. पंचशीला थांबली की ती म्हणायची, "मग?"