सत्यशीलाबाईंच्या फडताळातला डबा

मी एक जुना डबा आहे. शास्त्रशुद्ध बोलायचे तर संगणकाचे कॅबिनेट. पण कसबा पेठेत शास्त्रशुद्ध बोलणाऱ्याला कोणी पाणीही विचारत नाही, म्हणून डबा. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. तुमच्यापैकी निम्म्यांनी आपल्या संगणकाच्या आत कधी डोकावूनही पाहिलेले नसेल. बटण दाबायचे, आणि चालू झाला नाही की वरून दोन थपडा मारायच्या, एवढाच तुमचा आमचा संबंध. तरी ऐका.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. पत्र्याचा तुकडा दाबला, चार बाजूंना वाकवला, कडेला आणि वर हवेसाठी बारीक भोके पाडली, पोटात एक छोटा पंखा बसवला, आणि झालो मी तयार. उंचीला वीतभरही नाही. उंच, मनोऱ्यासारख्या कॅबिनेटांच्या मालात मी एकटाच चुकून येऊन पडलो आणि बुधवार पेठेतल्या एका दुकानात पोचलो. दुकानदाराचे नाव जयसिंग. त्याने मला उलटसुलट करून पाहिले, "हे काय पाठवलंय" असे म्हणून वरच्या फळीवर टाकले आणि दोन वर्षे माझ्या डोक्यावर स्वतःचा जेवणाचा डबा ठेवला. त्याच्या बायकोच्या हातची आमटी सांडते कशी, हे मला पाठ आहे.

त्या फळीवरून मी गिऱ्हाईक पाहिले. ते दिवसच तसे होते. पुण्यातल्या दर तिसऱ्या घरातला मुलगा अमेरिकेला निघाला होता आणि उरलेल्या दोन घरांतले क्लास लावत होते. बापमंडळी येत, उंच कॅबिनेटवर टिचक्या मारत, जणू कलिंगडच घ्यायला आले आहेत. "मोठा दाखवा, दिवाणखान्यात ठेवायचाय," म्हणत. पुढच्या बाजूला निळा दिवा लागला की त्यांचे डोळे भरून येत. आत तीन हिरव्या पट्ट्या आणि बाकी नुसती हवा. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच. घरी नेऊन पोरे त्यावर पत्ते खेळत, आणि बाप शेजाऱ्यांना सांगे, प्रोग्रॅमिंग चालू आहे.

मग एका जूनमध्ये सत्यशीलाबाई आल्या. वय त्रेपन्न, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. तीस वर्षे त्यांनी हिंदुरावांच्या छापखान्यात खिळे जुळवले होते. म्हणजे शिशाचे एकेक अक्षर उचलून ओळ करायची, ओळींचे पान करायचे. आता हिंदुरावांनी खिळे मोडीत काढले होते. अक्षरजुळणी संगणकावर होणार होती, आणि हाताने जुळवणाऱ्यांना नारळ मिळाला होता. बाईंनी मात्र नारळ घेतला नाही. "घरी संगणक आणते, पानं मी करून देते," असे त्या म्हणाल्या. हिंदुराव म्हणाले, "आपल्या गल्लीतल्या मंडळाचं पन्नासावं वर्ष आहे. स्मरणिकेची चौसष्ट पानं पिठोरी अमावास्येपर्यंत द्या. दिलीत तर इथली सगळी जुळणी तुमची. नाहीतर आपण घरी आराम करा, बाई." आराम हा शब्द त्यांनी फार प्रेमाने उच्चारला. माणसाला कामावरून काढताना लोक असेच प्रेमळ होतात.

बाईंबरोबर त्यांचा भाचा आला होता, शुभंकर. त्यांच्या नणंदेचा मुलगा. हडपसरच्या आयटी पार्कात नोकरी, गळ्यात पट्ट्याला अडकवलेले ओळखपत्र, तेही रविवारी. त्याने आयुष्यात एकही संगणक उघडून पाहिला नव्हता, पण सल्ला मात्र उघडाच होता.

"मामी, टॉवर घ्या. फ्युचरमध्ये एक्स्पान्शन करता येतं."

"आमच्या खोलीत फ्युचरला जागा नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याचा एक खोका काढला. घरातल्या भिंतीत फडताळ होते, दारे काढून टाकलेले. त्याचे माप छापखान्याच्या पट्टीने घेऊन त्यांनी बरोबर तेवढा खोका कापून चिकटवून आणला होता. "यात बसेल तो द्या."

जयसिंगने दुकानभर पाहिले. मग नाइलाजाने जेवणाचा डबा उचलून मला खाली काढले. मी खोक्यात गेलो, वर आणि कडेला चार-चार बोटे जागा उरली. मित्रांनो, दोन वर्षांत माझ्याकडे पाहून कोणी "हा" असे म्हटले नव्हते. बाई म्हणाल्या, "हा." मी काही भावनेच्या आहारी जाणारा डबा नाही, पण ते मला बरे वाटले.

आता भाग निवडायचे. प्रत्येक वस्तूला बाई एकच प्रश्न विचारत: "हा नसला तर माझं पान अडेल का?" साउंड कार्ड गेले. स्पीकर गेले. फोनवरून निरोप धाडायचा मोडेम गेला, कारण पाने त्या स्वतः पायी नेऊन देणार होत्या. मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर सगळे भाग बसतात ती पाटी, माझ्या पोटात मावेल अशी दुकानात एकच होती. तीही त्यांनी आधी माझ्यात ठेवून पाहिली. मग प्रोसेसर आला. शुभंकरने सगळ्यात वेगवान प्रोसेसर काउंटरवर मांडला, जणू त्यानेच तो घडवला होता. बाईंनी त्याच्यावरचा पंखा पाहिला, माझे झाकण लावून पाहिले. लागेना.

"याच्याहून बुटक्या पंख्याचा?"

"तो स्लो आहे मामी!"

"चित्रांची पानं उघडायला काय लागतं, वेग की जागा?" हे त्यांनी जयसिंगला विचारले. जयसिंग गिऱ्हाइकाशी खरे बोलायचा नाही, पण त्या दिवशी चुकून बोलला. "मेमरी लागते, बाई." मग मधला प्रोसेसर आणि दुप्पट मेमरी ठरली. शुभंकर रस्त्याकडे पाहत उभा राहिला. अपमान झाला की आयटीवाले मोबाइल काढतात, तसा त्यानेही काढला.

"जोडून देतो, उद्या न्या," जयसिंग म्हणाला.

"दुसऱ्याने जुळवलेलं पान मी कधी माझं म्हटलं नाही. सुटंच द्या."

घरी बाईंनी जमिनीवर चादर अंथरली. स्क्रू ठेवायला खिळ्यांच्या केसचा, म्हणजे अक्षरे ठेवायच्या लाकडी पेटीचा, एक खण काढला. जाड चष्मा लावून इंग्रजी माहितीपुस्तक ओळ न ओळ वाचले, आणि शिशाचे खिळे उचलायच्या चिमट्याने माझ्या आतल्या केसाएवढ्या तारा जागच्या जागी लावल्या. त्यांचे यजमान बापूराव, कारखान्यातून निवृत्त झालेले, पेपराआडून म्हणाले, "धूर आला तर सांगा, मी खिडकीपाशीच आहे." धूर आला नाही. दुपारी तीन वाजता मी पहिल्यांदा श्वास घेतला.

पुढचे पंधरा दिवस बाईंचे हाल झाले, ते मी पाहिले. खिळ्यांच्या केसमधले अक्षर ज्यांच्या हाताला न पाहता सापडे, त्यांना कीबोर्डवर 'ळ' शोधायला अख्खी सकाळ लागली. पण शिकल्या. दहा पाने झाली, बारा झाली. मी आपला फडताळात बसून काम करत होतो.

आणि मग वेणूबाई आल्या.

वेणूबाई म्हणजे बापूरावांच्या थोरल्या बहीण, शुभंकरच्या मातोश्री, दोन घरे पलीकडे राहणाऱ्या. त्यांचे कर्तृत्व एकच: कव्हरे. बाईंच्या घरातल्या रेडिओला त्यांचे कव्हर होते, टीव्हीला होते, फोनला झालरीचे होते, मिक्सरला फुलांचे होते. गॅसच्या सिलिंडरलासुद्धा नेसवल्यासारखे एक होते. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावले आणि पिशवीतून मरून मखमलीचे, आतून अस्तर लावलेले, 'शुभ लाभ' भरतकाम केलेले कव्हर काढून माझ्यावर चढवले. माप इतके अचूक की माझ्या अंगावरचे एकही भोक उघडे राहिले नाही. फक्त तोंड उघडे, तेही बटणापुरते. बाई म्हणाल्या, "वन्सं, किती सुरेख!" आणि मी मनात म्हणालो, संपलो.

अर्ध्या तासात मी तापलो आणि बंद पडलो. बाईंचे अर्धे पान गेले. पुन्हा सुरू केले, पुन्हा बंद. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

शुभंकरला निरोप गेला. तो आला, कव्हर काढले, झाकण काढले आणि आत बघून "हं" म्हणाला. मी मस्त दीड तास चाललो. "लूज कॉन्टॅक्ट होता," असे जाहीर करून त्याने झाकण लावले, आईचे कव्हर नीट चढवले, चहा घेतला आणि गेला. त्याची पाठ वळते न वळते तोच मी बंद. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, "स्लो प्रोसेसर लोड घेत नाहीये. मी तेव्हाच सांगत होतो." तिसऱ्या खेपेला म्हणाला, "मामी, हा डबाच बाद करा." जयसिंग म्हणाला, कसब्यात वीजच कमी येते. बापूराव म्हणाले, "हिंदुराव काही वाईट बोलले नव्हते. आराम कर आता." एवढी शहाणी माणसे, आणि एकाच्याही हाताला माझा चटका जाणवला नाही. अक्कल वाटत होते तेव्हा ही सगळी बहुतेक मोबाइलच्या रांगेत उभी होती.

अमावास्या सहा दिवसांवर आली. एकतीस पाने बाकी होती. त्या दुपारी बाई माझ्यासमोर बसून रडल्या. आवाज न करता, पदर तोंडाला लावून. मला फार संताप आला, आणि तो कोणावर काढावा हेही कळेना, कारण मला तोंड असून बोलता येत नव्हते.

मग त्या डोळे पुसून उठल्या. छापखान्यात जुळवलेले पान ढिले होऊन हलत असेल तर अख्खे पान मोडत नसत, एकेक ओळ काढून बघत. तसे त्यांनी सुरू केले. फ्लॉपीची तार काढली, कव्हर घातले, वाट पाहिली. बंद. मेमरीची एक पट्टी काढली, कव्हर घातले, वाट पाहिली. बंद. दर वेळी कव्हर मात्र इमानाने घालत, कारण वेणूबाई रोज येऊन तिथेच भाजी निवडायला बसत. चौथ्या वेळी काढण्यासारखे काहीच उरले नाही. बाईंचा हात सहज मखमलीखाली गेला आणि त्यांनी तो झटक्याने मागे घेतला. बोटे लाल झाली होती. मग त्यांनी 'शुभ लाभ'ची कड उचलून खाली झाकलेली माझी भोके पाहिली.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "हे कव्हर काढावं लागेल."

वेणूबाईंची मेथी हातातच राहिली. "का गं? रंग नाही आवडला?"

"रंग छान आहे. याला गुदमरतंय."

"यंत्राला? पंचवीस वर्षं माझी कव्हरं आहेत या घरात. रेडिओ नाही गुदमरला, मिक्सर नाही गुदमरला."

"मिक्सर चालवताना आपण काढतो, वन्सं."

पेपराआडून बापूराव म्हणाले, "हे मात्र खरं आहे." वेणूबाईंनी भावाकडे असे पाहिले की पेपर पुन्हा वर गेला. त्या उठल्या, कव्हर काढून चौघडी घातली, पिशवीत टाकले. चहाला थांबल्या नाहीत. दारातून म्हणाल्या, "ठेव बाई तुझं उघडंबोडकं. हा मेला की मग मी घालीन, माझी मखमल फुकट नाही आली."

त्यानंतर त्या आल्याच नाहीत. बाईंना ते लागले. भाजी एकट्याने निवडताना त्या दाराकडे बघत. पण मी एकदाही थांबलो नाही. एकतीस पाने पाच दिवसांत झाली, अमावास्येच्या सकाळी बाई ती पिशवीत घालून पायी छापखान्यात गेल्या. हिंदुरावांनी पान न पान पाहिले आणि म्हणाले, "दिनदर्शिकेचं कधी सुरू करता?" कसब्यात याला कौतुक म्हणतात.

गणपती बसले त्या दिवशी वेणूबाई हातात स्मरणिका घेऊन आल्या. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'अक्षरजुळणी : सत्यशीला' असे छापले होते. त्यांनी ते भावाला वाचून दाखवले, मग माझ्यावर तळहात धरला. "गरम वारा येतो गं याचा," म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या. माफी वगैरे कोणी मागितली नाही.

मी नऊ वर्षे चाललो. बुधवार पेठेतून निळे दिवे मिरवत गेलेले ते मनोरे केव्हाच भंगारात गेले. मग माझाही बोर्ड गेला आणि फडताळात नवा संगणक आला. तोही बाईंनीच जोडला, त्याच चिमट्याने. मला खाली कोपऱ्यात ठेवले. त्या दिवशी वेणूबाई गुडघे धरत जिना चढून आल्या. पिशवीतून मखमलीचे कव्हर काढले. डांबरगोळ्यांचा वास येत होता. त्यांनी ते माझ्यावर चढवले, कोपरे ओढून सारखे केले. नऊ वर्षांनीसुद्धा माप बरोबर होते. मी त्यांना आयुष्यभर हसलो, पण बाईंनी मला फडताळात बसवले त्यानंतर इतके नीट मापून माझ्यासाठी दुसरे काही कोणी केले नव्हते.

शुभंकर तिथेच उभा होता. आता त्याचेही पोट सुटले होते. तो म्हणाला, "मामी, आता तुम्हीपण बास करा. बासष्ट झालं. आराम करा."

बाई काही बोलायच्या आत वेणूबाई म्हणाल्या, "गप रे. ती चालतेय ना अजून? चालत्यावर घालायचं नसतं."

मित्रांनो, काळजी घ्या असे सांगायला मी आलेलो नाही, ती तुम्ही गरजेपेक्षा जास्तच घेता. यंत्र असो की माणूस, ते काम करत असेल तर त्याला वारा लागू द्या. आणि झाकण्याची फारच हौस असेल, तर वेणूबाईंसारखी वाट पाहा.