चालेल

निळं झाकण नखाने उचललं तसं टप्प करून निघालं आणि तिने डबा नाकापाशी नेला. डोळे मिटले. दोन छोटे श्वास, मग एक लांब... नेहमीसारखेच. आत कालचं वाटाण्याचं सूप होतं, हे तिला माहीत होतं, कारण तिनेच ते केलं होतं. शेंगांची सालं उकळून त्याचं पाणी काढायचं, त्यात कोबीचा दांडा किसायचा, वर शिळ्या पावाचा चुरा. माहीत होतं, पण डब्यातून वर काहीच आलं नाही. पाण्याचा ग्लास हुंगावा तसं. थंडीतला तो ताप जाताना तिच्या नाकातला वास सोबत घेऊन गेला होता. थंडी सरून उकाडा आला तरी वास काही परतला नव्हता, आणि हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"काय म्हणता आई, चालेल? रात्रभर ओट्यावरच राहिलं होतं ना. नाहीतर टाकून देते."

सून शेजारी उभी होती, पदर खोचून, आठवड्याच्या सुटीचा सगळा उत्साह अंगात घेऊन. टाकून देते! किती सहज म्हणतात ही मुलं.

"चालेल," ती म्हणाली.

तोंडातून गेलं ते. इतकी वर्षं हाच शब्द बसला होता जिभेवर, त्याला विचार कशाला लागतोय? या घरात काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते तिचं नाक ठरवत आलं होतं. नवरा होता तेव्हा तो तिला नाकबाई म्हणायचा. पाहुण्यांसमोर दुधाचं पातेलं घेऊन यायचा, "नाकबाई, निकाल द्या," आणि ती डोळे मिटून दोन छोटे, एक लांब... मग सगळे तिच्या तोंडाकडे बघत थांबायचे. तिला तेव्हा लाज वाटायची. खोटं कशाला, आवडायचंही. घास वाया जात नाही या घरात, असं नातलग म्हणायचे ते तिच्या जिवावर, आणि एवढ्या वर्षांत तिच्या हातचं खाऊन कुणाचं पोट म्हणून बिघडलं नव्हतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ झाकून ठेवायला काय काय करावं लागतं, ते तिचं तिलाच माहीत. दूध उकळताना ती समोरून हलत नाही. डाळीत चमचा फिरवून तार सुटते का बघते, झाकण उघडताना फस्स आवाज येतो का म्हणून कान देते. परवा कांदा करपून काळा झाला तेव्हा शेजारच्या खोलीतून मुलगाच ओरडत आला आणि ती म्हणाली, फोन वाजला होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे... ते तर मनातल्या मनातही बोलवत नाही. मी अन्न टाकते. शंका आली की उरलेलं वर्तमानपत्रात गुंडाळते, पिशवीत घालते, आणि फिरायला जाते म्हणून कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकून येते, चोरासारखी, मागे वळून बघत. जी बाई पावाचा चुरासुद्धा बरणीत भरून ठेवायची, ती. सून मागच्या आठवड्यात म्हणाली होती, "हल्ली डबे भराभर रिकामे होतात आपले, बरं झालं." बरं झालं म्हणे.

आज मात्र सून घरात होती आणि डबा तिच्या डोळ्यांदेखत फ्रिजमध्ये गेला होता. सकाळभर ती भाजी निवडत बसली, देठं एकीकडे, पानं एकीकडे, आणि मन फ्रिजच्या दाराशी. रात्रभर बाहेर. या उकाड्यात. मीच विसरले ते आत ठेवायला. पूर्वी विसरले असते तर सकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकताच कळलं असतं. सून आंघोळीला गेली तेव्हा ती उठलीसुद्धा. चमचाभर जिभेवर घेतलं. आंबट लागलं... पण लिंबू तर तिनेच पिळलं होतं. लिंबाचं आंबट आणि नासलेलं आंबट यांतला फरक नाक सांगतं, जिभेला काय कळतंय? नळ बंद झाला. ती चमचा धुऊन परत देठांपाशी येऊन बसली.

सांगून टाकावं का? सांगितलं की सगळे हळहळतील, डॉक्टरकडे नेतील, चांगली माणसं आहेत. आणि मग उद्यापासून कुणी डबा घेऊन येणार नाही. बसा तुम्ही, आम्ही बघतो, म्हणतील. तिला त्या बसण्याची भीती वाटत होती, अगदी पोटातून.

दुपारी सुनेने सूप गरम केलं. पहिली वाटी चिमीपुढे ठेवली. नात, सात वर्षांची, दोन दात पडलेली. चिमीने चमचा बुडवला, फुंकर घातली, चमचा तोंडाशी नेला.

"थांब!"

तिचा स्वतःचा आवाज तिला अनोळखी वाटला. चमचा हवेत राहिला. सुनेचा हात गॅसच्या बटणावर होता, तो तिथेच थांबला.

"काय झालं, आई?"

पोळेल, म्हणता आलं असतं. मीठ राहिलं, म्हणता आलं असतं. जिभेवर दोन्ही तयार होती.

"तू वास घे गं याचा," ती चिमीला म्हणाली. "नीट घे. मला... मला येत नाही."

सुनेने गॅस बंद केला. ती आपल्याकडे बघते आहे हे तिला न बघताही कळत होतं. त्या परवाच्या कांद्यापासून, रिकाम्या डब्यांपासून काहीतरी सुनेच्या मनात जुळत चाललं असेल. जुळू दे.

चिमी खुर्चीत ताठ बसली. एवढं मोठं काम तिला आजवर कुणी दिलं नव्हतं. तिने वाटी दोन्ही हातांनी उचलली, नाकापाशी नेली, डोळे मिटले. दोन छोटे श्वास... ही कधी शिकली हे? कुणी शिकवलं? मग एक लांब.

ती टेबलाची कड धरून नातीच्या तोंडाकडे बघत राहिली. इतकी वर्षं माणसं आपल्या तोंडाकडे अशी बघत होती तर. असा श्वास धरून, असा सगळा भार दुसऱ्यावर टाकून. छातीत धडधडत होतं, आणि त्या धडधडीच्या खाली कुठेतरी फार दिवसांनी हलकं वाटत होतं.

चिमीने नाकाचा शेंडा किंचित हलवला. डोळे अजून मिटलेलेच होते.